संगणक चालू होत नाही? सुरुवात भिंतीपासून करा



आता बऱ्याच ग्रामसंघांचे हिशेब संगणकात असतात. एखाद्या दिवशी बटण दाबलं तर ना दिवा लागतो, ना पंख्याचा आवाज येतो. नेमके उद्या बँकेत कर्जाचे कागद द्यायचे असतात. मग पोटात गोळा येतो, सगळ्या बायकांच्या बचतीचा हिशेब गेला की काय?

सहसा तसं नसतं. हिशेब हार्ड डिस्कवर असतो. आत वीज पोचली नाही, तरी तो तिथंच राहतो. लाइट गेली म्हणून कपाटातली वही कोरी होते का?

तेव्हा वीज कुठं अडली ते शोधू. हात कोरडे, पायात चप्पल. जळका वास आला किंवा ठिणगी दिसली तर मेन स्विच बंद करा आणि पुढं काही करू नका.

पहिलं, भिंतीवरच्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावा. मोबाइल चार्ज होत नसेल तर दोष बोर्डाचा. दुसरं, मधला यूपीएस काढून संगणक थेट बोर्डाला जोडा. चालू झाला, तर दोष यूपीएसचा. त्याची बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत संपते. तिसरं, बोर्डाचं बटण बंद करून सीपीयूच्या मागची वायर घट्ट बसवा. उंदरांनी कुरतडलेली वायर वापरू नका. मॉनिटरची वायर तशीच असेल तर ती लावून पाहा. चौथं, जिथं वायर बसते तिथंच बऱ्याच सीपीयूंना एक छोटं बटण असतं. झाडताना ते बंद होतं. रेघेची बाजू दाबली की चालू, गोलाची दाबली की बंद.

सीपीयूचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच? मग मॉनिटरचं बटण आणि त्याच्या वायरी तपासा.

एवढं करूनही चालू झाला नाही तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. बहुतेक वेळा आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, गेलेला असतो. तो बदलता येतो. पण तो डबा आपण उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठलेली असते.

दुरुस्तीवाल्याला आपण काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे चांगल्या वस्तूचे पैसे जाणार नाहीत. आणि बजावून सांगा, “आम्हाला विचारल्याशिवाय हार्ड डिस्क फॉरमॅट करायची नाही.” फॉरमॅट केली की वही खरंच कोरी होते.

म्हणून दर बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह गटाच्या पेटीत ठेवा. पैशाला कुलूप लावतो, तसंच हिशेबालाही लावू या.