गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी ऑपरेशन का नाही? केमो आणि रेडिएशन अगोदर देण्यामागचं कारण समजून घ्या

शहापूर/मुरबाड : संडासवाटे रक्त जातंय म्हणून महिनोन् महिने मूळव्याधीची औषधं घेतली. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. घरचे म्हणतात, "गाठ आहे ना, मग लगेच काढून टाका." डॉक्टर मात्र सांगतात, आधी रेडिएशन आणि केमो, ऑपरेशन नंतर. मग शंका येते, आपल्याला टाळतायत का? तोवर गाठ वाढली तर? खरं तर टाळाटाळ नाही, उपचार तिथूनच सुरू होतो.

असं का करतात?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या मध्ये, अडचणीच्या जागी असतो. शेजारीच लघवीची पिशवी, बायकांमध्ये गर्भाशय. गाठ मोठी असेल तर ती मुळासकट काढणं कठीण जातं आणि थोडी जरी राहिली तरी तिथेच पुन्हा उगवते.

म्हणून आधी रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात ते, देऊन गाठ आकसवतात. सोबतच्या केमोमुळे रेडिएशनचा परिणाम वाढतो. जर्मनीत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हे उपचार ऑपरेशननंतर घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे १३ जणांना पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर परत आला. आधी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६ होतं.

सगळ्यांनाच हे लागतं असं नाही. गाठ लहान असेल तर थेट ऑपरेशनही होतं. ते एमआरआय बघून ठरतं.

किती दिवस लागतात?

नेहमीच्या पद्धतीत आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच ते साडेपाच आठवडे रेडिएशन असतं. सोबत बहुतेकदा केमोच्या गोळ्या. दुसरी पद्धत फक्त पाच दिवसांची, तिच्यात केमो वेगळी देतात. आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून रोज मुंबईला जाणं अवघड आहे. त्यामुळे 'आमच्या पेशंटला पाच दिवसांचं चालेल का?' हे डॉक्टरांना जरूर विचारा.

रेडिएशन संपल्यावर बऱ्याचदा सहा ते बारा आठवडे थांबून ऑपरेशन करतात. या काळातही गाठ आकसत असते.

इथेच घात होतो

उपचार सुरू झाले की रक्त थांबतं, दुखणं कमी होतं. पेशंटला वाटतं, बरं झालं. त्यात भातलावणी येते, पैसे संपतात, पोटावर पिशवी लागेल याची भीती असते. मग माणूस परत जातच नाही. पण त्रास थांबला म्हणजे कॅन्सर गेला असं नव्हे. काही जणांची गाठ पूर्ण दिसेनाशी होते आणि ऑपरेशन टाळताही येतं. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, आणि पुढेही ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवायची नाही.

हे लक्षात ठेवा

- जुलाब, लघवीला जळजळ, संडासच्या जागी आग, हातापायाची कातडी सोलणं असा त्रास होऊ शकतो. त्यावर औषधं असतात, डॉक्टरांना सांगा.
- ताप, न थांबणारे जुलाब किंवा छातीत दुखणं असेल तर पुढची गोळी घेऊ नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.
- पुढे मूल हवं असेल तर रेडिएशन सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोला.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा.
- कॅन्सर पेशंटला रेल्वे आणि एसटीच्या भाड्यात सवलत आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलला उपचार असतील तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

आणि संडासवाटे रक्त जात असेल, संडासच्या सवयी बदलल्या असतील, तर वय कितीही कमी असो, मूळव्याध समजून अंगावर काढू नका. आधी तपासून घ्या.