पाव मिलिमीटरचा खेळ

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत लेथवर उभ्या असलेल्या माणसाला पाव मिलिमीटर म्हणजे किती, हे समजावून सांगावं लागत नाही. तेवढा कट जास्त लागला तर जॉब भंगारात जातो, हे त्याला ठाऊक असतं. या माणसाच्या हातात एअर पिस्तूल दिलं तर पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात येईल की इथलं मापही जवळपास तेच आहे. फरक एवढाच, की इथे मशीन म्हणजे त्याचं स्वतःचं बोट.

हिशेब सोपा आहे. 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि तो वर्तुळाच्या रेषेला नुसता चाटून गेला तरी दहा गुण मिळतात. त्यामुळे छर्‍याचं केंद्र मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत चुकलेलं चालतं. ऐकायला ही सवलत बरी वाटते. पण पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंतचं, म्हणजे नेम धरायच्या खुणेपर्यंतचं, अंतर असतं साधारण 33 सेंटिमीटर, आणि 10 मीटर म्हणजे त्याच्या तीसपट. साहजिकच इथली चूकही तिथे तीसपट होते. खाचेत दिसणारं पुढचं साइट पाव मिलिमीटर सरकलं की दहाची हद्द संपते. एक मिलिमीटर सरकलं, तर छर्रा तीन सेंटिमीटर दूर, सातावर जाऊन बसतो.

यात एक गंमत आहे. पिस्तुलासकट सगळा हात चार मिलिमीटर बाजूला झुलला तर छर्राही चारच मिलिमीटर चुकतो आणि दहा गुण पदरात पडतात. नुकसान करतो तो कोन. हात थरथरतो म्हणून रडणारे नवखे नेमबाज खर्‍या चोराला सोडून भलत्यालाच धरतात. थरथर प्रत्येकाच्याच हाताला असते, सेकंदाला आठ ते बारा वेळा. नळीचा कोन बिघडतो तो बहुतेकदा शेवटच्या क्षणी, चाप ओढणार्‍या बोटामुळे.

मराठीत ‘घोडा दाबला’ असंही म्हणतात, पण नेमकं बोलायचं तर घोडा म्हणजे आघात करणारा भाग. बोटाखाली असतो तो चाप. रेंजवर मात्र सगळे ट्रिगरच म्हणतात. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान 500 ग्रॅम भार लागला पाहिजे, असा नियम आहे. 25 मीटर पिस्तुलासाठी हा आकडा 1000 ग्रॅम. ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. आधी थोडी मोकळी चाल येते, मग बोटाला भिंत लागल्यासारखं वाटतं. त्या भिंतीवर दाब वाढत गेला की शॉट सुटतो.

हा दाब सरळ मागे, नळीच्या रेषेत यावा लागतो. अडचण अशी की माणसाची बोटं एकमेकांपासून पुरती सुटी नाहीत. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि तिथून लांब दोर्‍यांसारखे स्नायुबंध बोटांच्या टोकापर्यंत येतात. तर्जनीचा वाटा त्यातल्या त्यात स्वतंत्र. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी मात्र बरीचशी एकमेकांत गुंतलेली. खातरजमा घरीच करता येईल. उजव्या मुठीत पाण्याची प्लास्टिकची बाटली सैल धरा आणि फक्त तर्जनी झटक्यात आत ओढा. बाटली थोडी चेपते, कारण न सांगता बाकीची बोटंही आवळली जातात. पिस्तुलावर हेच घडलं की नळीचं तोंड खाली आणि किंचित आत वळतं. म्हणूनच उजव्या हाताने नेम धरणार्‍या नवख्याचे शॉट टार्गेटच्या खाली-डावीकडे, घड्याळात सात वाजतात त्या बाजूला, घोळका करून बसलेले दिसतात. प्रशिक्षकाला कागद पाहूनच रोग कळतो.

ट्रिगर झटक्याने का ओढला जातो? साइट दहावर आलेलं दिसतं आणि मन ओरडतं, ‘आत्ता!’ डोळ्यांनी पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात थरथरीची दोन आवर्तनं होऊन गेलेली असतात. म्हणजे ‘आत्ता’ म्हणून ओढलेला ट्रिगर नेहमीच उशिराचा, वर झटक्याचा. यावर नेमबाजांनी काढलेला तोडगा वरवर उलटा वाटतो: शॉट कधी सुटावा हे ठरवायचंच नाही. साइट डोलत असतानाच दाब सुरू करायचा, तो एकसारखा वाढवत न्यायचा आणि शॉट आपसूक सुटू द्यायचा. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात मोटरच्या शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिराला हे चटकन पटेल. पायडलवर पाय दणकन टाकला की शिवण पळते. हळूहळू दाबला तर मशीन ताब्यात राहतं.

ही निवांत पद्धत 10 मीटरला ठीक. 25 मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात हात 45 अंशांत खाली ठेवून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडायची, मग सात सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच. तिथे साइट स्थिरावल्यावर दाब सुरू करायला वेळच उरत नाही. हात वर येत असतानाच बोटाने पहिला टप्पा संपवलेला लागतो.

कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिचा हाच प्रकार. 22 ऑगस्ट 2018 रोजी पालेम्बांगला आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी झाली. त्यात 50 गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून, दोघींचे 34-34 गुण झाले. या फेरीत 10.2 किंवा त्यावरचा शॉटच मोजतात, नुसता दहा पुरत नाही. शूटऑफची पाच गोळ्यांची पहिली मालिकाही 4-4 अशी बरोबरीत सुटली. दुसरी राहीने 3-2 ने जिंकली. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती भारताची पहिली महिला नेमबाज. सगळा देश ज्या क्षणाकडे डोळे लावून बसलाय, त्या क्षणी तीन सेकंदांत बोटाला घाई करू न देणं ही काय चीज असेल, याची कल्पना बसल्या जागी येणं कठीण आहे.

घाईवर औषधाचा उतारा शोधणारेही निघाले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने पिस्तुलात एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं. पण चाचणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं गेली. हे बीटा-ब्लॉकर गटातलं औषध नाडी मंदावतं, थरथर कमी करतं. इतर अनेक खेळांत त्याचा काडीचा उपयोग नाही. नेमबाजीत त्यावर बंदी आहे.

वैध उपाय एकच, आणि तो महाकंटाळवाणा आहे. रेंजवर त्याला ‘ड्राय’ म्हणतात. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, समोर कोरी भिंत घ्यायची आणि शेकडो वेळा नुसता ट्रिगर सोडायचा. टार्गेटच नाही म्हटल्यावर मोह उरत नाही. टिक आवाज होताना पुढचं साइट जागचं हललं का, एवढंच पाहायचं. गोळीच्या पिस्तुलासाठी प्रशिक्षक आणखी एक युक्ती करतात. खर्‍या काडतुसांमध्ये न सांगता एखादं डमी घालून ठेवतात. धक्क्याच्या धास्तीने हात आधीच खाली झुकत असेल, तर त्या डमीवर तो उघडा पडतो. आवाज नाही, धक्का नाही, तरीही नळी खाली झुकलेली! ‘गनच खराब आहे’ ही तक्रार तिथे संपते.

अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी असल्यामुळे दारूगोळ्याचा विषय या पट्ट्याला नवा नाही. या खेळाचे धडे मात्र थोडं लांब जाऊन घ्यावे लागतात. दादरच्या सावरकर स्मारकात 10 मीटरची रेंज आहे आणि पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. मुलाला किंवा मुलीला तिथे घातलंत आणि सुरुवातीचे काही आठवडे घरी येऊन ‘आज काहीच मारलं नाही, नुसतं ड्राय केलं’ असं ऐकू आलं, तर फी वाया गेली असं समजून भांडायला जाऊ नका.