छत्तीस सेंट आणि एक नाव

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एकानं विचारलं, "बाई, गाणं हिट झालं हे मोजतात कसं?" प्रश्न मोठा झकास! उत्तर देताना मला टीना टर्नर आठवली. तिचीच गोष्ट सांगते, म्हणजे मोजायचं कसं तेही आपोआप कळेल.

टीनाचं मूळ नाव ॲना मे बुलक. जन्म १९३९चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला; बालपण गेलं तिथल्याच नटबुश नावाच्या छोट्याशा वस्तीत. आजूबाजूला कापसाची शेतं. लहानगी ॲना कापूस वेचायची आणि चर्चमध्ये गायची. पुढे ती आइक टर्नर या वादकाच्या बँडमध्ये गायला लागली. 'टीना टर्नर' हे नाव त्यानंच ठेवलं. १९६० मध्ये दोघांची पहिली तबकडी आली, नंतर लग्नही झालं. टीना स्टेजवर आली की लोकांना खुर्चीत बसवत नसे! पण घरी? घरी आइक तिला मारायचा. पैसाही सगळा त्याच्याच हातात.

जुलै १९७६. डलास शहरात कार्यक्रमासाठी गेलेली टीना हॉटेलातून गुपचूप निसटली. गाड्या भरधाव धावत होत्या, तो हमरस्ता ओलांडून पलीकडच्या हॉटेलात शिरली. जवळ होते ३६ सेंट, म्हणजे अर्धा डॉलरसुद्धा नाही, आणि पेट्रोल भरायचं एक कार्ड. १९७८ मध्ये घटस्फोट झाला. टीना मालमत्तेसाठी भांडत बसली नाही. हट्ट धरला तो नावाचा. (नुसतं नाव घेऊन काय करायचं, असं वाटेल तुम्हाला. पण गायिकेचं नाव म्हणजे दुकानाची पाटीच की!)

पाटी होती, पण गिऱ्हाईक कुठे होतं? डोक्यावर कर्ज. ते फेडायला ती हॉटेलांमधून गात राहिली. एकटीच्या नावावर काढलेले अल्बम पडले. चाळिशी उलटली, आणि पॉप संगीत म्हणजे तर पोराटोरांचं राज्य!

मग रॉजर डेव्हिस हा ऑस्ट्रेलियन व्यवस्थापक तिला भेटला. १९८३ मध्ये तिनं लंडनमध्ये एक जुनं गाणं नव्या साजात गायलं. ते ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. आता मात्र कंपनीला घाई झाली, 'आख्खा अल्बम करा!' बहुतेक सगळं ध्वनिमुद्रण इंग्लंडमध्येच, काही आठवड्यांत उरकलं आणि मे १९८४ मध्ये 'प्रायव्हेट डान्सर' बाजारात आला. त्यातलं 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' हे गाणं टीनाला आधी आवडलंच नव्हतं, बरं का! तेच सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं, तीन आठवडे. तेव्हा ती ४४ वर्षांची होती. त्या वयात एकटीच्या गाण्यानं तिथवर पोचलेली तोपर्यंत दुसरी कोणी गायिका नव्हती.

आता मोजमाप. अमेरिकेत अल्बमच्या ५ लाख प्रती गेल्या की 'गोल्ड', १० लाख गेल्या की 'प्लॅटिनम'. 'प्रायव्हेट डान्सर' पाच वेळा प्लॅटिनम ठरला. करा गुणाकार! जगभरात तर १ कोटीच्या वर प्रती खपल्या. आणि लक्षात घ्या, तेव्हा मोबाईलवर बोट टेकवून गाणं ऐकायची सोय नव्हती. एकेक प्रत म्हणजे कुणीतरी दुकानात जाऊन, पदरचे पैसे मोजून घरी आणलेली तबकडी नाहीतर कॅसेट.

गंमत म्हणजे अल्बमच्या यादीत अमेरिकेत तो पहिला आलाच नाही, तिसऱ्या क्रमांकापर्यंतच चढला. वर प्रिन्स नावाच्या तरुण गायकाचा 'पर्पल रेन' ठाण मांडून बसला होता ना!

१९८५ मध्ये टीनाला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ती ८३ वर्षं जगली, २०२३ मध्ये गेली. पण मला आवडतो तो १९८८चा प्रसंग. ब्राझीलमध्ये रिओ शहरात माराकाना नावाचं फुटबॉलचं अवाढव्य मैदान आहे. जानेवारीतल्या त्या रात्री तिथे सुमारे १ लाख ८० हजार माणसं तिकीट काढून आली होती, आणि तिकिटावर नाव होतं एकटीचं, टीना टर्नर.