मातीत भरलेली नक्षी

मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मिंटन लाद्या पाहणारे त्यांच्या रंगसंगतीवर भाळतात. पण व्हिक्टोरियन काळातल्या भरीव नक्षीच्या लादीचे खरे मोल तिच्या खोलीत आहे. या लादीवर काही रंगवलेले नसते. प्लास्टरच्या साच्यात नक्षी उठावाने असते. त्यावर ओली चिकणमाती दाबली की नक्षीच्या जागी खळगे पडतात. त्यांत दुसऱ्या रंगाची, सायीसारखी दाट माती ओततात, सावकाश सुकू देतात आणि मग वरचा थर खरवडून नक्षी उघडी करतात. खरी कसोटी पुढेच. सुकताना आणि भट्टीत दोन्ही रंगांची माती सारखीच आकसली पाहिजे; भरणी जास्त आकसली तर सुटून येते, कमी आकसली तर लादी वाकते किंवा तडकते. मध्ययुगीन इंग्लंडातल्या कारागिरांना हे जमले होते. पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले आणि ही कला लयाला गेली. १८३० साली सॅम्युअल राइटने या पद्धतीचे पेटंट घेतले, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने त्यात वाटा विकत घेतला, आणि फसलेल्या लाद्यांचा तोटा सोसत तो चिकाटीने प्रयोग करत राहिला. वास्तुविशारद पुजिनने वेस्टमिन्स्टरच्या संसदेसाठी आखलेली जमीन या चिकाटीतूनच साकारली.

यावर कुणी म्हणेल, यंत्र आल्यावर एवढा खटाटोप कशाला? १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने मातीची जवळजवळ कोरडी भुकटी दाबून वस्तू घडवण्याचे पेटंट घेतले. पाणी कमी, म्हणून आकसणेही कमी. भिंतीवरच्या झिलईदार लाद्या त्यामुळे स्वस्त झाल्या. भिंतीला ते पुरते, कारण भिंतीवरून कुणी चालत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भरीव लादीही झिजतेच. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये १८५६ ते १८६१ दरम्यान बसवलेल्या मिंटन लाद्या अखेर बदलाव्या लागल्या. मात्र त्यांतल्या बऱ्याच शंभराहून अधिक वर्षे गर्दीच्या पायांखाली टिकल्या. वर छापलेली नक्षी थर गेला की संपते. भरीव नक्षी झिजतानाही, भरणी आहे तोवर, रेषेसकट शाबूत राहते.

अडचण आहे ती दुरुस्तीची. जुनी माती आता मिळेलच असे नाही, आणि नव्या मातीचे आकसणे रंगागणिक नव्याने जुळवावे लागते. इंग्लंडात जॅकफील्डच्या क्रेव्हन डनिल कंपनीने संसदेसाठी अशा लाद्या पुन्हा घडवल्या, म्हणजे हे अशक्य नाही. पण वेळखाऊ आणि महाग आहे. शिवाय नवी लादी झिजलेल्या जुन्या लादीशेजारी बसवायची, तर जाडी आणि पातळीही जुळली पाहिजे. तिथेच छापील नक्कल घेण्याचा मोह होतो. म्हणून मुंबईतल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीच्या निविदांत रंग आणि मापाबरोबर भरणीची खोलीही लेखी मागितली पाहिजे, आणि काढलेल्या तुकड्यांपैकी निदान काही पुढच्या कारागिराला नमुना म्हणून जपून ठेवले पाहिजेत.