महसीर वाचला, पण कुठे?

पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत सापडलेल्या एका थोराड खवल्यांच्या माशाची शास्त्रात नोंद केली ती कर्नल विल्यम साइक्स यांनी, १८३९ मध्ये. नाव ठेवले ‘खुद्री’. हा दख्खनचा महसीर. आज त्याच पात्रात जाळे टाकणाऱ्याच्या हाती तिलापिया लागायची शक्यता अधिक.

महसीर पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर वरच्या अंगाला चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. धरणाची भिंत आडवी आली की ही वाट तुटते. खोपोलीच्या वीजघरासाठी (१९१५) लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधणाऱ्या टाटांच्याच वीज कंपनीने पुढे या माशाला हात दिला, हा योगायोग मजेशीर आहे. १९७० च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे महसीरचे कृत्रिम प्रजनन साधले. मादीचे पोट अलगद दाबून अंडी काढायची, नराच्या वीर्याने ती फळवायची आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवायची. तीनेक दिवसांत पिल्ले बाहेर! मग लोणावळ्याची बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्ले, दूरदूरच्या नद्यांत आणि जलाशयांत पोचली. कावेरीतही.

तिथेच गफलत झाली. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा मासा अजून विक्रम धरून आहे. पण इतक्या प्रसिद्ध माशाला पक्के शास्त्रीय नाव नव्हते आणि नाव नाही म्हणून धोक्याच्या यादीतही जागा नव्हती. गळ टाकणाऱ्या शौकिनांच्या जुन्या नोंदींतून दिसले, की बाहेरून सोडलेला निळ्या परांचा महसीर, म्हणजे खुद्रीच, वाढत गेला आणि कुबडवाला विरळ होत गेला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी होतीच. २०१८ मध्ये कुबडवाल्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पटली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो थेट ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात गेला, तर खुद्री ‘संकटग्रस्त’ वर्गातून उतरून ‘कमी चिंतेचा’ ठरला. एका नदीतले यश दुसरीत उपद्रव ठरले.

याउलट महाडजवळच्या वाळणकोंडीत किंवा वाडा गावाजवळ तिळसेश्वराच्या डोहात कोणी मत्स्यबीज तयार केले नव्हते. देवाचे मासे धरायचे नाहीत, एवढ्यावर महसीर टिकले. मात्र हा दरारा डोहापुरताच. वरच्या पात्रात मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकली, तर ती वाहत याच डोहात येते.