फुटसालमधील गोलरक्षक

फुटसालमधील गोलरक्षक हा फुटसाल या खेळात आपल्या संघाच्या गोलाचे रक्षण करणारा खेळाडू होय. फुटसाल हा प्रत्येकी पाच खेळाडूंच्या दोन संघांत, मुख्यतः सभागृहातील कठीण पृष्ठभागावर खेळला जाणारा फुटबॉलचा प्रकार आहे. संघातील पाच जणांपैकी केवळ गोलरक्षकालाच, आणि तेही स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात, चेंडू हाताने हाताळण्याची मुभा असते. मैदान लहान असल्यामुळे त्याच्यावर फटके जवळून आणि वारंवार येतात. दुसरीकडे, त्याने अडवलेला चेंडू एका फेकीत प्रतिस्पर्ध्याच्या गोलापाशी पोहोचू शकतो. त्यामुळे फुटसालमध्ये गोलरक्षक हा शेवटचा बचावपटू असतो, तसाच पहिला आक्रमकही असतो.

पार्श्वभूमी

फुटसालची सुरुवात १९३० साली उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ येथे झाली. तेथील वायएमसीए संस्थेतील शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी मुलांना सभागृहात फुटबॉल खेळता यावा म्हणून या खेळाचे नियम तयार केले. त्यासाठी त्यांनी फुटबॉलखेरीज बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटर पोलो या खेळांचाही आधार घेतला. गोलाची ३ मीटर रुंदी व २ मीटर उंची ही मापे आजही हँडबॉलच्या गोलाइतकीच आहेत. फिफाची पहिली फुटसाल विश्वचषक स्पर्धा १९८९ साली नेदरलँड्समध्ये झाली.

मैदान, गोल आणि चेंडू

आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मैदानाची लांबी ३८ ते ४२ मीटर आणि रुंदी २० ते २५ मीटर असते. गोलाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, म्हणजे मैदानी फुटबॉलच्या गोलाच्या सुमारे एक तृतीयांश असते. दोन्ही खांबांपासून ६ मीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ आखून ती सरळ रेषेने जोडली की पेनल्टी क्षेत्र तयार होते. पेनल्टी बिंदू गोलापासून ६ मीटरवर, तर दुसरा पेनल्टी बिंदू १० मीटरवर असतो.

चेंडूचा परीघ ६२ ते ६४ सेंटिमीटर आणि वजन ४०० ते ४४० ग्रॅम असते. तो मुद्दाम कमी उसळणारा बनवलेला असतो. दोन मीटर उंचीवरून सोडल्यास त्याची पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच असावी लागते. त्यामुळे खेळ बहुतांशी जमिनीलगत चालतो आणि गोलरक्षकाला पायांनी करावे लागणारे बचाव मैदानी फुटबॉलच्या तुलनेत बरेच अधिक असतात.

गोलरक्षकाला लागू होणारे नियम

चेंडू आक्रमक संघाच्या खेळाडूला लागून गोलरेषेबाहेर गेल्यास गोलरक्षक पेनल्टी क्षेत्रातून तो हाताने फेकून खेळ पुन्हा सुरू करतो. या फेकीवर किंवा खेळ चालू असताना केलेल्या फेकीवर थेट गोल नोंदवता येत नाही.

स्वतःच्या अर्ध्या मैदानात गोलरक्षकाला चेंडू हातात किंवा पायाशी चार सेकंदांहून अधिक काळ ठेवता येत नाही. एकदा चेंडू खेळल्यानंतर, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय, सहकाऱ्याने हेतुपूर्वक दिलेला चेंडू तो स्वतःच्या अर्ध्या मैदानात पुन्हा घेऊ शकत नाही. तसेच सहकाऱ्याने हेतुपूर्वक पायाने मागे दिलेला चेंडू त्याला हातात घेता येत नाही. यांपैकी कोणत्याही नियमाचा भंग झाल्यास प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. भंग पेनल्टी क्षेत्रात झाला असेल, तर ती त्या क्षेत्राच्या रेषेवरून, सर्वांत जवळच्या बिंदूवरून घेतली जाते.

ही बंधने स्वतःच्या अर्ध्या मैदानापुरतीच आहेत. मध्यरेषा ओलांडून पुढे गेलेला गोलरक्षक इतर खेळाडूंप्रमाणे चेंडू हवा तितका वेळ आणि हवा तितक्या वेळा खेळू शकतो. गोलरक्षकाला पुढे आणण्याचे डावपेच याच तरतुदीवर आधारलेले आहेत.

कोनाचे गणित

फुटसालमधील गोलरक्षणाचा मुख्य प्रश्न वेळेचा आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला २० मीटर जातो. म्हणजेच ६ मीटरवरून मारलेला फटका ०.३ सेकंदात गोलरेषेपाशी पोहोचतो. डोळ्यांनी पाहून शरीराची हालचाल सुरू होण्यातच सुमारे ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळेत झेप घेऊन कोपऱ्यातला चेंडू गाठणे बहुधा शक्य नसते. म्हणून येथील गोलरक्षक चेंडूच्या मागे धावण्याऐवजी, फटका बसण्यापूर्वीच चेंडूच्या वाटेत उभा राहण्याचा प्रयत्न करतो.

पुढे येण्याचा लाभ समरूप त्रिकोणांवरून समजतो. चेंडू गोलासमोर बरोबर ६ मीटरवर असताना गोलरेषेवर उभ्या असलेल्या गोलरक्षकाला ३ मीटर रुंदी सांभाळावी लागते. तोच गोलरक्षक चेंडूपासून दीड मीटरवर पोहोचला, तर ही रुंदी केवळ पाऊण मीटर उरते आणि ती शरीराने जवळजवळ झाकता येते.

मात्र पुढे येण्यात धोकाही आहे. आक्रमकाने चेंडू डोक्यावरून उचलला किंवा दूरच्या खांबापाशी उभ्या असलेल्या साथीदाराला दिला, तर मागचा गोल पूर्ण मोकळा असतो. दूरच्या खांबाकडे चेंडू देणे हा फुटसालमधील नेहमीचा डाव आहे. म्हणून आक्रमकाची मान खाली असताना किंवा चेंडू त्याच्या पायापासून किंचित सुटलेला असताना पुढे सरकावे आणि फटक्याच्या क्षणी स्थिर असावे, असे शिकवले जाते. धावत असताना आलेला फटका अडवणे कठीण असते, कारण पाय जमिनीवरून उचललेला असताना दिशा बदलता येत नाही.

बचावाची तंत्रे

मूळ पवित्र्यात गुडघे किंचित वाकलेले, शरीराचा भार चवड्यांवर आणि हात शरीरापासून थोडे दूर, तळवे पुढे असे असतात. यातूनच पुढील बचाव केले जातात.

के-ब्लॉक: एक गुडघा जमिनीकडे नेऊन दुसरा पाय बाजूला पसरतात. धड ताठ ठेवून दोन्ही हात बाजूंना उघडतात. या स्थितीत शरीराचा आकार रोमन लिपीतील ‘के’ अक्षरासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले. जवळून येणाऱ्या फटक्यांसाठी हा सर्वाधिक वापरला जाणारा बचाव आहे. खाली टेकलेल्या गुडघ्यामुळे दोन पायांमधून चेंडू जाण्याची वाट बंद होते.

पाय पसरून बचाव: जमिनीलगत कोपऱ्याकडे जाणाऱ्या चेंडूसाठी एक पाय पूर्ण लांबवतात आणि त्याच बाजूचा हात पायाच्या वर आणतात. यासाठी कंबर आणि मांड्यांची लवचिकता आवश्यक असते.

चेंडू धरणे किंवा वळवणे: दुरून आलेला चेंडू शक्यतो धरला जातो, कारण हातातला चेंडू ही प्रतिआक्रमणाची सुरुवात असते. जवळचा जोरदार फटका धरता येत नसेल, तर तो समोर न सोडता बाजूरेषेकडे किंवा गोलरेषेबाहेर वळवतात.

पेनल्टी आणि १० मीटरची किक

फुटसालमध्ये प्रत्येक अर्धात संघाचे थेट फ्री किकचे अपराध मोजले जातात. सहाव्या अपराधापासून प्रतिस्पर्ध्यांना बचावभिंतीविना फ्री किक मिळते. ती सामान्यतः १० मीटरच्या बिंदूवरून घेतली जाते. अपराध त्याहून गोलाच्या जवळ, पण पेनल्टी क्षेत्राबाहेर झाला असल्यास अपराधाच्या जागेवरूनही ती घेता येते.

पेनल्टी किकच्या वेळी चेंडू मारला जाईपर्यंत गोलरक्षकाला गोलरेषा सोडता येत नाही. १० मीटरच्या किकसाठी मात्र तो पेनल्टी क्षेत्रात राहून चेंडूपासून ५ मीटरपर्यंत पुढे येऊ शकतो. हे अंतर निम्मे असल्याने त्याला सांभाळावी लागणारी रुंदी ३ ऐवजी दीड मीटर होते. जमिनीवरून सरळ रेषेत उठणाऱ्या चेंडूसाठी उंचीही २ ऐवजी एकच मीटर उरते. अशा प्रकारे ६ चौरस मीटरच्या गोलाचे प्रत्यक्ष दीड चौरस मीटरचेच लक्ष्य उरते.

चेंडूफेक आणि वाटप

चार सेकंदांच्या मर्यादेमुळे, चेंडू कोणाकडे द्यायचा हे गोलरक्षकाला तो हातात येण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागते. जवळच्या साथीदाराकडे चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडतात. लांबच्या खेळाडूसाठी खांद्यावरून फेक केली जाते. अचूक लांब फेकीमुळे प्रतिस्पर्ध्यांचे चारही खेळाडू एका क्षणात मागे पडू शकतात.

उडता गोलरक्षक

पिछाडीवर असलेला संघ सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत अनेकदा गोलरक्षकाला पुढे आणतो, किंवा त्याच्या जागी पायाने कुशल असलेल्या खेळाडूला गोलरक्षकाच्या रंगाचा, पण स्वतःच्या क्रमांकाचा सदरा घालून उतरवतो. खेळाडू बदलण्याच्या संख्येवर मर्यादा नसल्यामुळे हे खेळ चालू असतानाही करता येते. त्यामुळे आक्रमणात पाच विरुद्ध चार असे संख्याबळ मिळते. अशा खेळाडूला उडता गोलरक्षक म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याला ‘पोर्तेरो-हुगादोर’, म्हणजे खेळाडू-गोलरक्षक, असे नाव आहे.

या डावाची किंमत म्हणजे मागे रिकामा राहिलेला गोल. एक पास चुकला, तरी प्रतिस्पर्धी स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू मारून गोल करू शकतात. समोरच्या गोलरक्षकालाही ही संधी असते, मात्र फेकीवर थेट गोल होत नसल्याने त्याला चेंडू पायानेच मारावा लागतो.

प्रशिक्षण

नवशिक्या गोलरक्षकाला प्रथम पवित्रा, पायांची चाल आणि सुरक्षित पडणे शिकवतात. के-ब्लॉक आधी चेंडूविना, नंतर हाताने हळू फेकलेल्या चेंडूवर आणि शेवटी पायाने मारलेल्या फटक्यांवर सरावला जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीलाच जवळून जोरदार फटके झेलावे लागले, तर मूल डोळे मिटायला किंवा तोंड फिरवायला शिकते. ही सवय पुढे सुटणे अवघड असते, आणि चेंडूवरून नजर हटलेल्या गोलरक्षकाला दुखापतीचा धोकाही अधिक असतो.

प्रतिसादासाठी भिंतीवर आपटून परत येणारा टेनिसचा चेंडू पकडण्याचा सराव करतात. दूरच्या खांबाच्या डावासाठी दोन आक्रमकांविरुद्ध सराव दिला जातो. त्यांत चेंडूधारक फटका मारेल की पास देईल, हे आधी सांगितले जात नाही. बचावानंतर प्रशिक्षकाने मोठ्याने मोजलेल्या चार सेकंदांत ठरलेल्या लक्ष्याकडे चेंडू फेकणे, हा बचाव आणि आक्रमण जोडणारा सराव होय. गोलरक्षकाला इतर खेळाडूंबरोबर पासिंगच्या सरावातही सहभागी करून घेतात. कंबर, जांघ आणि मांडीच्या स्नायूंचे ताण-व्यायाम नियमित आवश्यक असतात.

साहित्य

कठीण पृष्ठभागामुळे गुडघ्याचे व कोपराचे संरक्षक वापरतात. गोलरक्षकाला लांब विजार घालण्याची परवानगी असते. फेकीवर नीट पकड राहावी म्हणून अनेक गोलरक्षक हातमोजे वापरत नाहीत, किंवा बोटे उघडी राहणारे मोजे घालतात.

उल्लेखनीय गोलरक्षक

स्पेनच्या २००४ च्या विश्वविजेत्या संघातील लुइस आमादो हे या स्थानावरील नामवंत खेळाडूंपैकी एक आहेत. २००८ च्या विश्वचषकाच्या रिओ दि जानेरो येथील अंतिम सामन्यात ब्राझील व स्पेन २-२ असे बरोबरीत राहिले. ब्राझीलने पेनल्टी शूटआउटसाठी गोलरक्षक तियागो यांच्याऐवजी फ्रँकलिन यांना उतरवले आणि शूटआउट ४-३ असा जिंकला. सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार २०१२ च्या विश्वचषकात इटलीच्या स्तेफानो मामारेल्ला यांना, तर २०१६ मध्ये विजेत्या अर्जेंटिनाच्या निकोलास सार्मिएन्तो यांना मिळाला.

ब्राझीलमध्ये जन्मलेले आणि कझाकस्तानकडून खेळलेले लिओनार्दो, ऊर्फ इगिता, हे मध्यरेषेपलीकडे जाऊन खेळणाऱ्या गोलरक्षकाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. कोलंबियाचे गोलरक्षक रेने इगिता यांच्यावरून त्यांना हे टोपणनाव मिळाले. त्यांच्या कैरात अल्माटी संघाने २०१३ व २०१५ साली युरोपीय क्लब विजेतेपद मिळवले. कझाकस्तानने २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत तिसरे, तर २०२१ च्या विश्वचषकात चौथे स्थान मिळवले.

भारतात

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची पहिली फुटसाल क्लब स्पर्धा २०२१ साली दिल्लीत झाली आणि ती दिल्ली एफसीने जिंकली. भारताचा पुरुष संघ २०२३ मध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत प्रथमच खेळला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ‘टर्फ’वर खेळला जाणारा पाच-पाच खेळाडूंचा फुटबॉल आणि फुटसाल यांत फरक आहे. टर्फवर कृत्रिम गवत असते आणि अनेक ठिकाणी चेंडू भोवतालच्या जाळीवर आपटून खेळात राहतो. फुटसालमध्ये रेषेबाहेर गेलेला चेंडू खेळाबाहेर जातो. त्यामुळे टर्फवरून फुटसालकडे वळणाऱ्या गोलरक्षकाला कठीण पृष्ठभागावर पडण्याचे तंत्र, कमी उसळणारा चेंडू आणि चार सेकंदांची मर्यादा या तीन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते.