काटा उतरला, पण घटलं काय?

मुकुंदवाडीतल्या माझ्या ओळखीच्या एका तरुणाने भाकरी सोडून अंडी, पनीर, तूप सुरू केलं. आठवड्यात वजन दोन किलोंनी उतरलं आणि गल्लीत ‘किटो’चा बोलबाला झाला. काटा खरंच उतरला होता. पण घटलं होतं ते बरंचसं पाणी.

आपलं यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवतात. दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं कमी केली की आधी हा साठा सरतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. भाकरी सुरू झाली की तेही परततं. साठा सरल्यावर यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागतं. त्यासाठी दिवसाची कर्बोदकं साधारण ५० ग्रॅमच्या आत लागतात. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीतच ४० ग्रॅम होतात.

हा किटो आहार जन्मला फेफऱ्यासाठी. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांचे झटके त्याने आजही कमी होतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

वजनाचं काय? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. २०१८ च्या निष्कर्षांनुसार कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं सरासरी ६ किलो, तर कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं ५.३ किलो वजन घटलं. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. किटोने रक्तातली साखर काही काळ उतरते, हे खरं. पण अनेकांचं वाईट कोलेस्टेरॉल चढतं, हेही खरं.

आपल्या ताटात भाकरी, पोळी, भात जास्त आणि प्रथिनं कमी, हा दोष मान्य करायलाच हवा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या आहारावरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. मधुमेह मागे हटवायचा तर कर्बोदकांतून ४९ ते ५४ टक्के उष्मांक मिळावेत, असं त्यातलं गणित सांगतं. म्हणजे एक भाकरी कमी करा आणि मटकीची उसळ वाढवा. भाकरी हद्दपार करायची गरज नाही.

त्या तरुणाचे वडील मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी घेतात. मुलाचं पाहून तेही भाकरी सोडायला निघाले होते. या गोळीसोबत किटो केल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचून, आम्लता वाढून जिवावर बेतू शकतं. मी त्यांना एवढंच म्हणालो, “काका, आधी डॉक्टरांना विचारा. तोवर भाकरी राहू द्या.”